बांधावर ठरलेला दर आणि ‘हिशेब पूर्ण’ची चिठ्ठी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार लिहितात. दोन एकर थॉमसन. १२ फेब्रुवारीला गावातल्या दलालाने परगावचा व्यापारी आणला. त्याने बाग फिरून बघितली आणि बांधावरच सौदा झाला: सगळा माल, ४२ रुपये किलो, आठ दिवसांत तोड पूर्ण, गाडी गेली की आठवड्यात पैसे. इसाराचे २५,००० रुपये त्याने तिथेच मोबाइलवरून यांच्या खात्यात टाकले. १५ तारखेला पहिली तोड झाली, ६,२०० किलो. त्यानंतर मजुरांची टोळी आलीच नाही. रोज फोन, रोज ‘उद्या नक्की’. २४ च्या रात्री अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले. २६ ला व्यापाऱ्याचा यांच्या मुलाला मेसेज आला: ‘उरलेला २२ ने घेतो, नाहीतर नको.’ मुलाने उत्तर दिलं, ‘ठीक आहे काका, पप्पांना विचारतो.’ वडिलांनी नाही म्हटलं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात उरलेला ७,००० किलो माल दुसऱ्या व्यापाऱ्याला २५ ने दिला. पहिल्याने खूप मागे लागल्यावर २० मार्च तारखेचा दीड लाखाचा चेक दिला, ‘मी सांगितल्याशिवाय टाकू नका’ म्हणून. आता तो म्हणतो, चेक परत द्या, ‘हिशेब पूर्ण’ असं लिहून सही करा आणि रोख १,६०,००० घेऊन जा. मेव्हणे म्हणतात, स्टॅम्प पेपर नाही म्हणजे करारच नाही, मिळतंय ते घ्या. चुलतभाऊ म्हणतो, पोलिसात चारसोवीस टाका. व्यापारी म्हणतो, तुमचा मुलगा सतराचा आहे, त्याच्याशी झालेल्या मेसेजला काडीची किंमत नाही. काय करू?

नमस्कार भाऊ,

आधी एक: ती चिठ्ठी लिहून देऊ नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी.

मेव्हण्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांचं म्हणणं गावोगावी वेदवाक्यासारखं फिरतं. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १० मध्ये वैध करारासाठी काय लागतं ते सांगितलंय: दोघांची मोकळी संमती, दोघंही करार करायला पात्र, कायद्याला चालेल असा मोबदला आणि उद्देश, आणि कायद्याने तो प्रकार मुळात रद्दबातल ठरवलेला नसावा. यात कागद कुठेही नाही. जिथे दुसरा कायदा लेखी किंवा नोंदणी मागतो, तिथे ते लागतं. जमिनीचं खरेदीखत हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आता तुम्ही विचाराल, द्राक्षं तर वेलीवर होती, वेल जमिनीत. तर माल विक्री कायदा, १९३० यात ‘माल’ या शब्दाच्या व्याख्येतच उभी पिकं येतात, आणि जमिनीला लागलेल्या ज्या वस्तू विक्रीपूर्वी किंवा विक्रीच्या करारानुसार वेगळ्या करायच्या ठरल्यात त्याही येतात. म्हणजे तुमची थॉमसन कायद्याच्या दृष्टीने माल आहे, आणि त्याच कायद्याचं कलम ५ सांगतं की मालाच्या विक्रीचा करार तोंडी होऊ शकतो, लेखी होऊ शकतो, थोडा असा थोडा तसा होऊ शकतो, नुसत्या वागणुकीतूनही निघू शकतो.

स्टॅम्प पेपरचं काम वेगळं. तो सरकारचा महसूल आहे. ज्या दस्ताला मुद्रांक लागतो तो कमी मुद्रांकावर केला, तर शुल्क आणि दंड भरेपर्यंत न्यायालय तो पुराव्यात घेत नाही. पण म्हणून दस्त रद्द होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये हाच फरक स्पष्ट केला. उलटही खरं आहे: पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून बेकायदा गोष्ट लिहिली, तर ती बेकायदाच राहते.

तेव्हा १२ फेब्रुवारीला बांधावर काय झालं? त्याने दर सांगितला, तुम्ही होकार दिलात, माल कोणता, किती आणि कधी हे ठरलं, इसार आला. करार तिथेच पुरा झाला. तुमची अडचण करार नसण्याची नाही. तो झाला होता हे परक्या माणसाला, म्हणजे न्यायाधीशाला, दाखवायचं कशाने, ही अडचण आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस हातातलं सोडून देतो, आणि व्यापाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

मग हातात काय आहे ते मोजा. बँकेच्या पासबुकात १२ फेब्रुवारीच्या २५,००० ची नोंद आहे, ज्याच्या खात्यातून आले त्याच्या नावासकट. १५ तारखेची वजनकाट्याची पावती आहे का, गाडीचा नंबर आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. पावती हरवली असेल तर आजच काट्यावर जा आणि त्या दिवशीच्या नोंदीची प्रत मागा. संगणकावर नोंद असते, पण ती कायम राहील असं धरून चालू नका. क्रेटची वही असेल तर ती जशी आहे तशी ठेवा, ‘नीट’ पुन्हा उतरवून काढू नका. नव्या शाईची स्वच्छ वही उलटतपासणीत पहिल्या पाच मिनिटांत पडते. जुनी वही देखील एकटी पुरत नाही, तिला पावतीचा किंवा साक्षीदाराचा आधार लागतो. तोडणाऱ्या मजुरांपैकी दोघांची नावं लिहून ठेवा. दलाल कोणाच्या बाजूने बोलेल सांगता येत नाही, त्यामुळे त्याच्याशी शक्यतो मेसेजवर बोला आणि सौद्याचा उल्लेख सहज येऊ द्या: ‘१२ तारखेला ४२ ने ठरलेल्या बागेचे पैसे अजून आले नाहीत.’ त्याने ‘हो, बोलतो त्याच्याशी’ एवढं लिहिलं तरी ते कामाचं आहे.

आणि चेक! दीड लाखाचा चेक देणारा माणूस ‘माझं यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं’ असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

मेसेजबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बरेच दावे लंगडे होतात. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष अधिनियम, लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाइलमधल्या मेसेजची छापील प्रत द्यायची तर सोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं; त्याचे दोन भाग, एक फोन वापरणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका, चॅट पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट भावाला पाठवून मूळ फोन एक्स्चेंजमध्ये देणारे लोक कमी नाहीत.

मुलाच्या वयाचा मुद्दा व्यापाऱ्याने अर्धवट ऐकलेला दिसतो. अठराखालच्या व्यक्तीशी केलेला करार मुळापासूनच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ठरवलं आणि आजही ते टिकून आहे. पण इथे सौदा मुलाने केला कुठे? करार तुमच्यात आणि व्यापाऱ्यात आहे. मुलगा निरोप्या आहे. करार कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे तर अल्पवयीन मुलगा तिसऱ्या माणसाशी वडिलांचा प्रतिनिधी म्हणूनही व्यवहार करू शकतो. फक्त त्या कामाची जबाबदारी वडिलांना मुलावर टाकता येत नाही. साक्ष द्यायलाही वयाची अट नाही, प्रश्न समजून उत्तर देता आलं म्हणजे झालं. गंमत अशी की तो मेसेज तुमच्या उपयोगाचा आहे. ‘उरलेला २२ ने’ असं व्यापारी स्वतःच लिहितो, म्हणजे आधी काही नेला होता आणि आधीचा दर वेगळा होता, हे त्याच्याच बोटांनी टाइप झालंय.

पण मुलाने ‘ठीक आहे’ लिहिलं, ते होकार ठरेल का? नाही. स्वीकार निखळ आणि बिनशर्त लागतो. ‘पप्पांना विचारतो’ म्हटल्यावर निर्णय बाकी आहे हे कोणालाही कळतं. शिवाय एकदा झालेला दर एकट्या व्यापाऱ्याला बदलता येत नाही, जुन्याच्या जागी नवा करार आणायला दोघांची संमती लागते. इतर बागायतदारांनी इथे जपायला हवं. असा मेसेज आल्यावर काही न बोलता पुढची गाडी भरू दिलीत, तर ती वागणूकच होकार धरली जाऊ शकते. गाडी भरण्याआधी एक ओळ पाठवा: ‘दर ४२ च ठरलाय, त्याच दराने माल देतोय.’ मान्य नसेल तर तो गाडी भरणार नाही, आणि तुम्हाला त्याच दिवशी कळेल.

आता पावसाचं. इथे तुमचं पत्र वाचून वाटतं की सगळं नुकसान त्याच्याच माथी बसणार हे तुम्ही गृहीत धरलंय. तसं सरळ नाही. वेलीवरचा, न तोडलेला, न तोललेला माल साधारणपणे तुमचाच असतो, आणि ज्याच्या मालकीचा माल त्याच्याच डोक्यावर जोखीम, असा माल विक्री कायद्याच्या कलम २६ चा मूळ नियम आहे. व्यापारी म्हणेल, मी चांगल्या मण्याचा दर दिला होता, तडकलेल्याचा नाही. त्याच्या या म्हणण्यात दम आहे. पण त्याच कलमाला एक परंतुक आहे: एका पक्षाच्या चुकीमुळे माल ताब्यात देणं-घेणं लांबलं, आणि तसं लांबलं नसतं तर जे नुकसान टळलं असतं, ते नुकसान चूक करणाऱ्याचं. तोड २० फेब्रुवारीपर्यंत व्हायची होती, पाऊस २४ ला आला. तुमचा सगळा मुद्दा या चार दिवसांवर उभा आहे. म्हणून आठ दिवसांची मुदत ठरली होती आणि तुम्ही रोज विचारत होता, हे दाखवणं दरापेक्षाही महत्त्वाचं आहे. फोनमध्ये कॉलची यादी असेल तर आजच जपून ठेवा. मुदत सिद्ध झाली नाही, तर या भागात हात रिकामे राहण्याची तयारी ठेवा.

उरलेला माल लगेच दुसऱ्याला दिलात हे बरोबर केलंत. नासवंत माल धरून बसून ‘आता भरपाई द्या’ म्हणणाऱ्याला न्यायालय विचारतं, नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं? त्याने २२ सांगितले होते, तुम्ही २५ मिळवलेत. दुसऱ्या व्यापाऱ्याची पावती सांभाळा. मात्र पैसे अडकल्यामुळे सोसायटीचं व्याज चढलं, मुलाचा क्लास हुकला, असलं नुकसान करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये सहसा बसत नाही. सौदा मोडल्याचा जो सरळ, नैसर्गिक परिणाम तेवढंच मिळतं. थकलेल्या किमतीवर व्याज मागता येतं, ते मागा.

आकडे मांडू. पहिली तोड ६,२०० किलो, ४२ ने २,६०,४००. इसाराचे २५,००० वजा जाता २,३५,४००. हा भाग पक्का आहे: माल गेला, तोलला गेला, पाऊस तेव्हा झालाच नव्हता. दुसरा भाग ७,००० किलोवर १७ रुपयांचा फरक, १,१९,०००. हा वादाचा आहे. एकूण ३,५४,४००. व्यापारी देतोय १,६०,०००. म्हणजे वादाचा भाग तर तो सोडायला सांगतोच, पक्क्यातलेही ७५,४०० कापतोय.

आणि ती चिठ्ठी. करार कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ज्याला घेणं आहे तो ते पूर्ण किंवा थोडं सोडून देऊ शकतो, कमी रकमेत समाधान मानू शकतो, आणि त्यासाठी वेगळा मोबदलाही लागत नाही. ‘हिशेब पूर्ण’ लिहून १,६०,००० घेतलेत की उरलेले १,९४,४०० गेले. नंतर ‘नाइलाजाने सही केली’ म्हणता येतं, दबावाखाली घेतलेली संमती रद्द करवता येते, पण दबाव सिद्ध तुम्हाला करावा लागतो, आणि रोख मोजून घेतलेल्या माणसावर विश्वास बसणं अवघड जातं.

तडजोड करूच नका असं मी म्हणत नाही. दिवाणी दाव्याला किती वर्षं लागतात ते निफाडच्या कोर्टाच्या आवारात उभं राहून कोणालाही विचारा. माझं मत असं: वादाचा भाग सोडून पहिल्या तोडीचे पूर्ण २,३५,४०० एकरकमी हातात पडत असतील तर घ्यावेत, तो तोटा नाही. त्याखाली उतरायचं असेल तर ते स्वतः ठरवून उतरा, मेव्हण्यांच्या ‘काहीच मिळणार नाही’ला घाबरून नको. आणि तो थोडेच पैसे देतोय, तर घ्या की! फक्त पावतीवर लिहा: ‘द्राक्षमालाच्या येणे रकमेपैकी अंशतः मिळाले, उरलेल्या रकमेवरचा हक्क कायम.’ पूर्ण तडजोड चेकने होत असेल तर ‘चेक वटल्यावरच हिशेब पूर्ण समजावा’ हे वाक्य चिठ्ठीत हवंच.

हातातला चेक हा तुमचा हुकमी पत्ता आहे आणि त्याला वेळेचं बंधन आहे. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत गेला पाहिजे. २० मार्चचा चेक म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यापलीकडे ओढू नका. ‘मी सांगेन तेव्हा टाका’ या तोंडी बोलण्याने ही मुदत थांबत नाही. स्वतःच्या खात्यात भरा. न वटता परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, पोचेचा पुरावा मिळेल अशा टपालाने, आणि नोटिशीत चेकची रक्कम स्वच्छ मागितलेली हवी. बाकीचं येणं त्याच नोटिशीत लिहायचं तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या आकड्याने. दोन्ही एकत्र गुंडाळून एकच रक्कम मागितली की हरकत घ्यायला जागा मिळते. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस. ते उलटले की पुढच्या एका महिन्यात चेकच्या कायद्याच्या (परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१) कलम १३८ खाली फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, खात्यात भरलेल्या चेकची फिर्याद तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात चालते, त्यामुळे व्यापारी कुठल्याही राज्यातला असो, हेलपाटे त्याला. एक सावधगिरी: मधल्या काळात त्याच्याकडून काही रोख घेतलीत तर हिशेब बघा. येणं चेकच्या रकमेखाली आलं असेल, तर मिळालेली रक्कम चेकवर नोंदवल्याशिवाय पूर्ण रकमेला तो भरू नका. भरलात तर कलम १३८ चा गुन्हाच उभा राहत नाही.

चुलतभावाची चारसोवीस आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तिथे अट अशी की फसवायचा इरादा सौदा करतानाच असावा. पैसे थकवणं हे एरवी दिवाणी प्रकरण, आणि सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलंय. ज्याने इसार दिला, एक गाडी नेली, चेक दिला, त्याचा इरादा पहिल्यापासून खोटा होता हे दाखवणं कठीण. पण चौकशी करा: याच माणसाने पिंपळगाव, दिंडोरी भागात आणखी शेतकऱ्यांना असंच टांगलंय का, खोटं नाव सांगितलंय का, बंद खात्याचे चेक दिलेत का. तसं निघालं तर चित्र बदलतं, मग सगळ्यांनी मिळून तक्रार करावी. बाजार समितीकडून फार आशा धरू नका. फळं-भाजीपाल्याची आवाराबाहेरची विक्री २०१६ मध्ये नियमनमुक्त झाली आणि तुमचा सौदा बांधावरचा आहे.

दिवाणी बाजूला मुदत तीन वर्षांची, सुरक्षित हिशेबासाठी माल दिल्याच्या तारखेपासून मोजा. तोंडी तगादा कितीही लावला तरी ही मुदत वाढत नाही. त्याने सहीनिशी देणं कबूल केलं तर नव्याने सुरू होते. दावा लावायचाच झाला तर दोन्ही भाग एकदम मागा, कारण एकाच करारातलं मागायचं राहिलेलं येणं नंतर वेगळ्या दाव्याने सहसा मिळत नाही. तीन लाखांवरचा मालविक्रीचा वाद व्यावसायिक वाद धरला जाऊ शकतो, आणि मग तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. त्याचा अर्ज नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे होतो. मला विचाराल तर तुम्ही तिथूनच सुरुवात करावी. तिथे किंवा लोकअदालतीत झालेली लेखी तडजोड घरातल्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी वजनदार असते. लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा आहे आणि त्यावर अपील नाही.

पुढच्या हंगामासाठी, तुमच्याचसाठी नव्हे, दहा ओळींची चिठ्ठी पुरते. साध्या वहीचं पान चालेल, पण दर सोडून बाकीच्या गोष्टीच जास्त भांडणं लावतात, त्या लिहा. मजकूर साधारण असा: ‘दि. १२ फेब्रुवारी. गट नंबर अमुक, दोन एकर थॉमसन, सर्व माल. दर ४२ रुपये किलो, तोडीच्या दिवशी अमुक काट्यावर वजन, रिकाम्या क्रेटचं वजन वजा. तोड २० फेब्रुवारीपर्यंत पूर्ण. घेणाऱ्यामुळे उशीर झाल्यास त्यानंतरचं पाऊस-गारपिटीचं नुकसान घेणाऱ्याचं. पैसे प्रत्येक गाडीनंतर तीन दिवसांत, उशिराला अमुक टक्के व्याज. इसार २५,००० मिळाला, शेवटच्या गाडीत वळता होईल.’ खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि घेणाऱ्याचं आधारवरचं पूर्ण नाव, फर्मचं नाव, पत्ता. दलालाने सही केली तर तो कोणासाठी घेतोय ते नाव त्याच्याकडून लिहून घ्या. नाव नुसतं तोंडी सांगितलेलं असलं तरी दलाल स्वतः सहसा बांधला जात नाही, आणि ते लिहून घेतलं नसेल तर ज्याच्यावर दावा लावायचा त्याचं नावच हाताशी नाही अशी वेळ येते. ‘दर बाजाराप्रमाणे’ असं लिहिणं टाळा. त्याने करार रद्द होत नाही, कायदा वाजवी किंमत द्यायला लावतो, पण वाजवी म्हणजे किती यावर साक्षीपुरावा होत बसतो.

व्यापारी सही करायला कांकूं करत असेल तर चिठ्ठीचा फोटो त्याला त्याच संध्याकाळी पाठवा, खाली लिहा ‘आज बांधावर ठरलं ते असं, काही चुकलं असेल तर उद्या तोड सुरू करण्याआधी सांगा.’ दुसऱ्या दिवशी त्याची टोळी कात्र्या घेऊन बागेत उतरली की सहीची उणीव बरीचशी भरून निघते.